एफएनडी: खान्देशातल्या घरांतून येणारे प्रश्न

फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर, थोडक्यात एफएनडी. पायातलं बळ जातं, हात थरथरतो, तोल जातो, बोलणं अडखळतं, अर्धं अंग बधिर पडतं, फिटसारखे झटके येतात. आणि एमआरआय, रक्त, लघवी, सगळं नॉर्मल. मी जळगाव जिल्ह्यात फिजिओथेरपी करते. चोपडा, शिरपूर, पार तळोद्याहून पेशंट येतात, हातात जाडजूड फाइल आणि सोबत चार माणसं. खालचे बरेचसे प्रश्न त्या चार माणसांचे आहेत. पेशंट बहुधा गप्पच असतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग आजार आहे तरी कुठे?

विहिरीवरची मोटार शाबूत आहे, केबल शाबूत आहे, विहिरीत पाणीही आहे, पण स्टार्टर दर वेळी ट्रिप होतो, असं समजा. मोटार उघडून बसलात तर काहीच सापडणार नाही. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, सूज, रक्तस्राव, जुना पक्षाघात. पाय उचलण्याचा हुकूम मेंदूत कसा तयार होतो आणि वाटेत कुठे अडतो, हे त्या फोटोत येत नाही.

संशोधनासाठी वेगळ्या प्रकारचं स्कॅनिंग वापरतात, त्यात मात्र फरक दिसला आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेशंटच्या आपोआप होणाऱ्या थरथरीची तुलना त्याच पेशंटने मुद्दाम केलेल्या थरथरीशी केली. 'ही हालचाल माझी मी करतोय' ही जाणीव ज्या भागाशी जोडलेली आहे, तिथलं काम आपोआपच्या थरथरीत कमी पडलेलं दिसलं. म्हणूनच पेशंट सांगतो, "हात माझा आहे, पण हलवतोय मी नाही."

आणि हे दुर्मीळही नाही. स्कॉटलंडमध्ये न्यूरॉलॉजीच्या नव्या पेशंटांची मोजणी झाली, तेव्हा डोकेदुखीच्या खालोखाल अशाच तक्रारी निघाल्या.

म्हणजे काही सापडलं नाही की डॉक्टर हे नाव देऊन मोकळे होतात?

तसं कुणी केलं असेल तर ते अर्धवट काम आहे. एफएनडीच्या स्वतःच्या खुणा असतात आणि त्या तपासून शोधायच्या असतात.

पायाची खूण सांगते, कारण ती आम्ही रोज बघतो. पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं. कमजोर पायाच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "टाच खाली दाबा." दाब लागत नाही, किंवा अगदी पुसट लागतो. आता तो पाय विसरायचा. चांगल्या पायावर वरून हात ठेवून म्हणायचं, "हा पाय वर उचला, मला उचलू द्यायचा नाहीये, जोर लावा." पेशंटचं सगळं लक्ष त्या चांगल्या पायात जातं, आणि इकडे तळहातावर कमजोर पायाची टाच कचकन दाबली जाते. चार्ल्स हूव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी 1908 साली ही खूण लिहून ठेवली.

बरेच जण ही तपासणी गुपचूप उरकतात. मी पेशंटलाच दाखवते, नवऱ्याला किंवा आईला टाचेखाली हात ठेवायला लावते. "बघा, ताकद आहे. मागितली की येत नाही, न मागता येते." पेशंटला 'पकडायला' ही खूण नाही. पाय बरा होऊ शकतो याचा तो पुरावा आहे, आणि पेशंटने तो स्वतः बघितलेला बरा.

थरथरीचीही खूण आहे. दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठराविक तालात टिचक्या मारायला सांगितलं की थरथर थांबते, किंवा तीही त्याच तालात जाते. कंपवातात असं होत नाही.

डॉक्टर चुकले असतील तर?

विचारायलाच हवं. 1950 च्या दशकात अशा निदानांपैकी चारातलं एकाहून जास्त पुढे चुकीचं ठरायचं. 1970 नंतर ते प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवर आलं, म्हणजे बाकीच्या मेंदूविकारांच्या निदानाइतकंच. न्यूरॉलॉजिस्टने खुणा दाखवून निदान केलं असेल तर जळगाव, नाशिक, पुणे, मुंबई असे एमआरआय गोळा करत फिरू नका. एक दुसरं मत घ्या, जरूर घ्या. पाचवं घेऊ नका. त्या खर्चात कापसाचा हंगाम जातो, आणि दर नव्या तपासणीबरोबर 'काहीतरी भयंकर दडलंय' ही भीती पक्की होते.

ती नाटक करते का?

नाही.

घरातलं कुणीतरी ओसरीवरून म्हणतंच, "तिले काही नही व्हयनं." सासरी हे वाक्य जास्त ऐकू येतं आणि सुनेच्या बाबतीत फार लवकर येतं. नाटक करणारा माणूस तपासणी टाळतो. हे पेशंट तपासण्या मागतात, आणि घरात कुणी नसतानाही त्यांचा पाय फरफटतोच. "काल तर धावत गेली होती, आज चालता येत नाही म्हणते" हा सगळ्यांचा आवडता पुरावा. पण लक्षणं बदलती असणं हा या आजाराचा स्वभावच आहे. काल वासरू सुटलं, ती विचार न करता धावली. पाय असाच काम करतो, विचार न करता. त्यावरून टोमणा मारलात की पुढच्या वेळी ती धावताना विचार करेल, आणि पडेल.

मग टेन्शनमुळे होतं का?

काहींना होतं, सगळ्यांना नाही. लहानपणी मारहाण, अत्याचार, हेळसांड सोसलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, हे खरं. पण असं काहीही न घडलेले पेशंट खूप आहेत. कुणाची सुरुवात पाय मुरगळण्यापासून, कुणाची अर्धशिशीपासून, कुणाची तापातून उठल्यावर, कुणाची ऑपरेशननंतर. म्हणूनच अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाच्या 2013 च्या नियमावलीत 'मानसिक ताण सापडलाच पाहिजे' ही अट काढून टाकली.

त्यामुळे "सांग, काय लपवतेस?" असं खोदून विचारणं बंद करा. सांगण्यासारखं असेल तर ती विश्वासाच्या माणसाला सांगेल. नसेल तर बिचारी काहीतरी शोधून काढेल, आणि त्यावरून घरात नवंच महाभारत. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने दिसतो, पण ट्रॅक्टर चालवणारे, भुसावळला रेल्वेत काम करणारे पुरुषही येतात. त्यांना 'टेन्शन' हा शब्द ऐकून जास्तच लाज वाटते.

झटके फिटसारखेच येतात, पण डॉक्टर म्हणतात फिट नाही. फिटच्या गोळ्या बंद करू?

स्वतःच्या मनाने नाही. एफएनडीच्या झटक्यांवर फिटच्या गोळ्या चालत नाहीत हे खरं, पण काही जणांना खरी फिट आणि हे झटके, दोन्ही असतात. शिवाय या गोळ्या एकदम सोडल्या तर खरी फिट येऊ शकते. न्यूरॉलॉजिस्ट सांगतील तशाच हळूहळू कमी करायच्या.

दोन्हींत फरक करायला व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत पेशंटचं चित्रीकरण) हा सर्वात भरवशाचा मार्ग. तो सगळीकडे होत नाही, म्हणून मोबाइल कामाला लावा. पुढचा झटका आला की एकाने पेशंटकडे बघायचं, एकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढायचा, चेहरा दिसेल असा. डोळे घट्ट मिटलेले आहेत का, डोकं 'नाही नाही' म्हटल्यासारखं हलतंय का, दोन मिनिटांहून जास्त चाललंय का, हातपायांची हालचाल मध्येच थांबून परत सुरू होते का, हे डॉक्टर त्यात बघतात. खऱ्या फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात. पण एकाच खुणेवरून घरी निकाल देऊ नका. पडून लागणं, कपड्यात लघवी होणं हे दोन्हींत होऊ शकतं. व्हिडिओ डॉक्टरांनाच दाखवा, गावच्या ग्रुपवर टाकू नका.

झटका आला की घरच्यांनी काय करायचं?

कमी करायचं. आपल्याकडे झटका आला की अख्खी गल्ली गोळा होते. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाला लावतो, कुणी दातात चमचा घालतो, कुणी मुठीत किल्ली कोंबतो, आणि एक जण तोंडावर पाण्याचा तांब्या उपडा करतो. यातलं काहीही नको, खऱ्या फिटमध्येही नको.

चूल, गॅस, पायऱ्या, विहिरीचा कठडा यांपासून बाजूला घ्या. डोक्याखाली उशी किंवा दुमडलेला टॉवेल. माणसं बाहेर काढा. एकानेच जवळ बसावं आणि हळू आवाजात म्हणावं, "मी इथे आहे, हे थांबेल." पुष्कळ पेशंटांना झटक्यात सगळं ऐकू येत असतं, उत्तर तेवढं देता येत नाही. त्या वेळी उशाशी बसून "हिचं नेहमीचंच आहे" म्हणणारी चुलत जाऊ त्यांना वर्षानुवर्षं आठवते.

झटका आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल, श्वास अडतोय किंवा ओठ निळे पडताहेत, डोक्याला मार लागला, बाई गरोदर आहे, किंवा हा झटका नेहमीपेक्षा वेगळा वाटतोय, तर 108 ला फोन करा. एरवी धावपळ करून दवाखान्यात नेलं की झोपेच्या इंजेक्शनांचा मारा होतो, आणि त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. निदान पक्कं झालं असेल तर डॉक्टरांचं पत्र पाकिटात ठेवा.

पुष्कळांना झटक्याआधी चाहूल लागते: छातीत धडधड, कान बंद झाल्यासारखं, आजूबाजूचं लांब गेल्यासारखं. तेवढ्यात तळपाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, फरशी गार आहे की गरम ते बघायचं, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, गार लोटा हातात धरायचा. समुपदेशक हे नीट शिकवतात. प्रत्येक वेळी झटका टळतो असं नाही.

भगताकडे नेलं तर?

पूर्वी नेलं असेल म्हणून कुणी तुम्हाला फाडून खाणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला डॉक्टर कधी असतो, कधी नसतो, भगत असतोच. देवाला नारळ वाहिलं, अंगारा लावला, मनाला बरं वाटलं, ठीक. पण धूर देणं, बांधणं, छडीने मारणं हा थेट छळ आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. ज्यांना आधीच मार आणि भीती सोसावी लागली आहे, त्यांचा आजार अशाने चिघळतो.

व्यायाम कसला करायचा? पाय उचलताच येत नाही.

म्हणूनच पाय उचलायचा व्यायाम करायचा नाही. टेबलावर झोपवून "उचल, अजून उचल, जोर लाव" हे अर्धांगवायूच्या पेशंटला चालतं. इथे ते उलटं पडतं. पायाकडे जितकं बघाल, जितकं हुकूम सोडाल, तितका तो अडतो. लक्ष दुसरीकडे गेलं की जुनी, अंगवळणी पडलेली हालचाल आपोआप परत येते. एफएनडीच्या फिजिओथेरपीचा हा गाभा आहे, आणि ज्या फिजिओथेरपिस्टला हे माहीत नाही त्याच्याकडे महिनोन् महिने पैसे घालू नका.

आमच्याकडे एक मुलगी आईच्या खांद्यावर भार टाकून, उजवा पाय फरफटत आली होती. पुढे चालायला सांगितलं की पाय जमिनीला चिकटायचा. तिला मागे मागे चालायला सांगितलं. चार पावलं बऱ्यापैकी पडली. मग आडवं, खेकड्यासारखं. तेही जमलं. आईला वाटलं, आम्ही थट्टा करतोय. मग मी तिला विचारलं, आखाजीला फुगडी खेळतेस का? हात धरले, पाय जुळवले, आणि ती फिरली, दोन्ही पायांवर, तोल सांभाळत. थांबल्यावर दोन पावलं सरळ चालली आणि मग पायाकडे बघितलं. लगेच पाय अडला. तिला आजार समजला तो त्या क्षणी, माझ्या भाषणाने नव्हे.

घरी काय करता येईल? आधी उभं राहून नुसतं वजन या पायावरून त्या पायावर, गाण्याच्या तालात. मग ओट्याला धरून आडवं चालणं. मग पाय न उचलता फरशीवर सरकवत चालणं. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन अंगणातून ओट्यापर्यंत, नजर पाण्यावर. जमिनीकडे बघत चालायचं नाही, समोरच्या खिडकीकडे बघायचं. थरथरणाऱ्या हाताला मोठी, सैल कामं द्या: भिंत पुसणं, कणीक मळणं, रेघोट्या ओढणं. सुईत दोरा ओवणं नंतर. सुरुवातीला पडू नये म्हणून कुणीतरी बाजूला हवं, पण त्या माणसाने पायाकडे टक लावून बघायचं नाही आणि दर पावलाला "शाब्बास"ही म्हणायचं नाही. सोबत चालावं, भरताच्या वांग्यांचा भाव काय झाला ते बोलावं.

2024 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. अशी खास फिजिओथेरपी मिळालेले आणि नेहमीची मिळालेले पेशंट यांच्या वर्षभरानंतरच्या शारीरिक क्षमतेच्या गुणांत ठळक फरक निघाला नाही, पण खास उपचार घेतलेल्यांनी आपण सुधारलो असं जास्त प्रमाणात सांगितलं. म्हणजे जादू नाही. तरी माझ्या हाताशी याहून चांगलं साधन नाही.

वॉकर, काठी, पट्टा घेऊन द्यायचा का?

पडून हाड मोडणार असेल तर घ्या, आणि सोडायचा कधी हे त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टशी बोलून ठेवा. प्लास्टर आणि कडक पट्टे शक्यतो टाळा, त्यांनी हातपाय आखडतात.

औषध कोणतं?

एफएनडीचं असं औषध नाही. अर्धशिशी, नैराश्य, झोप न लागणं, भीतीचे झटके यांपैकी काही सोबत असेल तर त्यावर औषधं आहेत आणि ती घ्यावीत. ओझं हलकं होतं. ताकदीची बाटली चढवून पाय चालू होत नाही. चढवल्यावर दोन दिवस बरं वाटलं तर त्यात दोन दिवसांच्या विश्रांतीचा आणि लोकांनी विचारपूस केल्याचा वाटा मोठा.

झटक्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडची बोलण्याची थेरपी, सीबीटी, दिली जाते. 368 पेशंटांवरच्या ब्रिटिश चाचणीत (निकाल 2020) वर्षभरानंतर झटक्यांच्या मासिक संख्येत ठळक फरक पडला नाही. पण ज्यांना ती थेरपी मिळाली त्यांचं रोजचं जगणं, कामधाम आणि मनाची अवस्था जास्त सुधारली. झटके मोजत बसू नका असं मी सांगते ते यामुळेच. आठवड्यात किती दिवस बाजारात गेलात, ते मोजा.

किती दिवसांत बरं वाटेल?

कुणी तारीख दिली तर विश्वास ठेवू नका. हालचालींच्या एफएनडीवरच्या जुन्या अभ्यासांची बेरीज सांगते: सुमारे 20 टक्के पूर्ण बरे झाले, सुमारे 40 टक्के तसेच राहिले किंवा बिघडले, उरलेले मधले. त्यातल्या अनेकांना खास उपचार मिळाले नव्हते आणि निदानही उशिरा झालं होतं. आजार नवा असेल, निदान पटलं असेल, तर शक्यता चांगली.

वाट सरळ नसते. महिनाभर छान जातं, मग घरात लग्न निघतं, चार दिवस जागरण, आणि पाचव्या दिवशी पाय परत जड. याला उलटणं म्हणतात, संपणं नाही. त्याच व्यायामाने पुन्हा सुरुवात करायची, आणि दुसऱ्या वेळी बहुतेकांना कमी दिवस लागतात असं मी बघते.

थकवा एवढा का येतो?

लोकांना दिसतो पाय. पेशंटला खातो थकवा. जी चाल आपोआप व्हायची ती ढकलून करावी लागते, तर दमणारच. चूक होते ती इथे: बरं वाटलं त्या दिवशी धुणं, शेणपाणी, कापूस वेचणी, सगळं एका दमात, मग तीन दिवस अंथरुणात. त्यापेक्षा बऱ्या दिवशीही हात आखडता घ्या आणि वाईट दिवशीही थोडं हला. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो. त्या दिवसांत चालायचं ते उजाडताना किंवा दिवेलागणीनंतर, दुपारी नाही.

लग्न करून दिलं की बरी होईल, असं सगळे म्हणतात.

लग्न हे औषध नाही. मुलाकडच्यांपासून लपवून तर मुळीच नको. पुढे पहिला झटका सासरी आला की 'फसवलं' म्हणून ती परत येते, आणि मग तिला आजार एक नाही, दोन सांभाळावे लागतात. शिक्षण आणि कामधंदा मात्र थांबवू नका. शाळेत वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा: झटका आला तर वर्ग बाहेर, एक मैत्रीण जवळ, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बाकावर. दर वेळी बापाला फोन करून घरी पाठवलं की शाळा सुटते, आणि शाळेबरोबर बरंच काही.

दाखवायचं कुठे?

आधी न्यूरॉलॉजिस्ट, कारण निदान त्याने करायचं. जळगाव, धुळे आणि नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करता येते, आणि मानसोपचार विभागही तिथेच सापडतो. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. जाताना एका कागदावर लिहून न्या: पहिलं लक्षण कधी, त्या आठवड्यात काय झालं होतं (ताप, पडणं, ऑपरेशन, नवी गोळी), आता कोणत्या गोळ्या. आणि पेशंटला स्वतः बोलू द्या.

गाडी चालवली तर चालेल?

झटके येत असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, स्कूटीही नाही. न्हाणीघराला आतून कडी नको. तापीत किंवा विहिरीत पोहायला एकट्याने उतरू नका.

नवीन काही झालं तर तेही एफएनडीच समजायचं का?

नाही. एफएनडी असलेल्या माणसाला पक्षाघात, मधुमेह, मणक्याचा त्रास, सगळं होऊ शकतं. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचं बळ गेलं, बोलणं लटपटलं, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर "हिचं नेहमीचंच" म्हणून सकाळची वाट बघू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून निघालात तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. तिथे गेल्यावर आधीचं निदान सांगा, पण हे लक्षण नवीन आहे, तेही ठासून सांगा.